गाडी की गादी

लिहून ठेवणार मी: वय वर्षे बहात्तर पूर्ण, धंदा शिवणकाम, अजून चालू. वडील गाद्या करून विकणारे, आता नाहीत. पती पाणीखात्यात मीटर वाचणारे, तेही आता नाहीत. मी आहे, म्हणून लिहिते.

हे मृत्युपत्र मी घरामागच्या शेडमध्ये, ठोकाठोकीच्या बाकावर कागद पसरून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही, गोडीगुलाबीने फसवलेले नाही. तसे करू शकेल असा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. एरवी त्याची गरज नव्हती, पण माझ्या मुलाने गेल्या अकरा वर्षांत निदान तीनदा पाहुण्यांसमोर "आईला म्हातारचळ लागलाय" असे म्हटले आहे, आणि जे पाहुण्यांसमोर म्हटले जाते ते उद्या कोर्टातही म्हटले जाऊ शकते. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी बहात्तरपर्यंत आले आणि म्हणाले, "हे माझं वय झालं. याच्या खाली उतरायची माझी इच्छा नाही." मग मी त्यांना विचारले, चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी कोणत्या क्रमाने पडते? त्यांना सांगता आले नाही. माझ्या गाडीत एक, तीन, चार, दोन. दाखल्यावरची सही त्यांचीच आहे.

कलम १. नऊ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मी सर्व काही नवऱ्याला दिले होते. तो माझ्याआधी गेला. जन्मभर प्रत्येक गोष्टीला उशीर करणाऱ्या माणसाने याच एका बाबतीत घाई केली. त्याचा राग मला अजून आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

कलम २. माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढचे अंगण व मागची शेड, मुलाला मिळावे. फाटकाच्या डाव्या खांबाचा कोपरा उडालेला आहे, तो मी अडुसष्टाव्या वर्षी ब्रेक न लागल्यामुळे उडवला. मुलाने तो खांब दुरुस्त करू नये. माझा मुलगा वाईट नाही. आपली आई लोकांना कशी दिसते याची काळजी त्याला आई कशी आहे यापेक्षा जरा जास्त, एवढेच.

कलम ३. माझे दागिने, जे काही चार-दोन आहेत ते, बँकेतली शिल्लक आणि शिवणयंत्र सुनेला मिळावे. मुलगा ओरडत असताना "आईंना करू द्या हो, त्या काय तुमच्या पैशाने करतायत?" असे स्वयंपाकघरातून म्हणणारी ती एकटी होती. शिवणयंत्राला महिन्यातून एकदा तेल घालावे.

कलम ४. आता वाहनाविषयी. चार दारांचे, गोल दिव्यांचे, रंग फिकट हिरवा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याचा मालकी इतिहास लिहिल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही, म्हणून तो लिहिते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, यांनी ही गाडी जुनीच घेतली होती. टपावर गाद्या बांधून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायच्या, यासाठी. चालवायचा दादा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला कापसाने शिंका यायच्या, त्यामुळे तो दुकानात कमी आणि रस्त्यावर जास्त. दुकानात मी. चौदाव्या वर्षापासून मी अण्णांच्या शेजारी बसून दाभणाने गाद्यांना टाके घातले. लग्न झाले तरी घरचे आवरून नऊ वाजता दुकानात हजर. गिऱ्हाईक आत आले की अण्णांना नमस्कार करायचे आणि कापूस कोणता भरलाय ते मला विचारायचे.

अण्णा गेले त्याला एकतीस वर्षे झाली. शेवटच्या आजारात त्यांचा हात थरथरायचा, तरी त्यांनी वहीच्या पानावर तीन ओळी लिहून खाली सही केली. त्या ओळी अशा:

घर मुलाला.
गा–ी मुलीला.
दोघांनी भांडू नये.

मधले एक अक्षर मी मुद्दाम गाळले आहे, कारण त्या अक्षराने आमच्या घराचा सत्यानाश केला. दादाने ते "द" वाचले. पंधरा दिवसांनी हातगाडीवर लादून माझ्या दारात एक गादी आली. आजारपणात अण्णा जिच्यावर झोपत ती, मध्ये खोलगट झालेली. सोबत निरोप: "अण्णांच्या इच्छेप्रमाणे तुझा वाटा." गादीवाल्याच्या मुलीला कोणी वापरलेली गादी ठेवून जातो का? मी तशीच चपला घालून दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर चिठ्ठी नाचवून म्हणाले, "हा ड आहे, ड डमरूतला! अण्णांनी मला गाडी दिलीय." दादा मान वर न करता म्हणाला, "अक्षर नीट वाच. द आहे, दप्तरातला." त्या दिवशी मी दुकानाची पायरी उतरले ती परत चढले नाही. दवाखान्याच्या शिवणखात्यात लागले आणि पुढची सतरा वर्षे पलंगांच्या खोळी शिवल्या. लोक ध चा मा करतात, आमच्याकडे द आणि ड वर वीस वर्षे अबोला झाला.

त्या वीस वर्षांत दादाने गाडी स्वतः चालवली नाही आणि मला दिली नाही. दुकानामागच्या मोकळ्या जागेत, ताडपत्रीखाली, ती उभी राहिली. ताडपत्री फाटली, तरी ती उभीच.

अकरा वर्षांपूर्वी एका शनिवारी दादाची मुलगी, माझी भाची, माझ्याकडे आली. म्हणाली, "आत्या, मागची जागा रिकामी करायचीय. बाबा म्हणतात, हवी असेल तर घेऊन जा, नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय." मी रविवारी गेले. दादाने कागदांवर सही करून ते भाचीच्या हातून बाहेर पाठवले, स्वतः आला नाही. म्हणजे ही गाडी कायद्याने माझी आहे, त्याबद्दल कोणीही शंका घेऊ नये.

कलम ५. गाडी क्रेनने उचलली तेव्हा तिचे एक दार जागेवरच राहिले. तळाचा पत्रा गेलेला होता. पुढच्या सीटवर बसून पाय खाली ठेवला की थेट जमिनीला लागायचा. डिकीत कुठल्याशा वेलाने मूळ धरले होते. इंजिन जाम. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. पुढची काच नव्हतीच. ती शेडमध्ये उतरवली तेव्हा मुलाने कपाळाला हात लावला. नवरा मात्र दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "तुझ्या माहेरचं माणूस आहे. काहीतरी खायला घालायला हवं." मग तो आत जाऊन टॉर्च घेऊन आला, आणि पुढची सहा वर्षे मी गाडीखाली आणि तो टॉर्च धरून शेजारी, असे चालले. टॉर्च तो नेहमी चुकीच्या जागी धरायचा.

इंजिनाचे प्लग काढून मी प्रत्येक भोकात डिझेल आणि तेल ओतून ठेवले. रोज सकाळी हँडल लावून जोर करायचा. बावीस दिवस ते ढिम्म. तेविसाव्या दिवशी बोटभर फिरले. माझा नवरा जन्मात कधी ओरडला नसेल इतक्या मोठ्याने ओरडला, "हललं!" शेजारचे धावत आले, त्यांना वाटले भूकंप.

पहिल्या डेंटरला, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याला, माझ्याकडून काहीही देऊ नये, शिव्याही नकोत. त्याने सहा आठवड्यांत गाडी आरशासारखी करून दिली. मी सगळ्या गल्लीला पेढे वाटायचेच बाकी होते. नऊ महिन्यांनी दारांच्या खालच्या कडांना फोड आले. नखाने टोकरले तर ढलप्याच्या ढलप्या निघाल्या. त्याने गंज न काढता वरून लांबी भरली होती. लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायला लावतात तो लगदा. शिवणाच्या डब्यातले टाचण्या गोळा करायचे लोहचुंबक मी दाराला लावून पाहिले, तर ते घसरून पायावर पडले. पत्रा असता तर चिकटले असते. "त्याने गाडीची लांबी वाढवून दिली, तू उगाच चिडतेस," असे नवरा म्हणाला. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही आणि शेडलाही कुलूप लावले. चार महिने कुलूप उघडले नाही. मुलाने तेवढ्यात शेडमध्ये स्कूटर ठेवायची तयारी केली, तेव्हा मात्र मी उघडले.

दुसरा डेंटर मला लोहचुंबकाने मिळवून दिला. मी ते पदराच्या गाठीत बांधून गावभर हिंडत असे आणि दुरुस्त होऊन उभ्या असलेल्या गाड्यांना हळूच लावून पाहत असे. एका गॅरेजात ते सगळीकडे चिकटले. तिथला माणूस हातोड्यांच्या आवाजाने अर्धा बहिरा झालेला, त्यामुळे तो गुपितही ओरडून सांगतो.

"ताई, काय लावताय माझ्या गाडीला?"

"तुमची परीक्षा घेतेय."

"पास झालो का?"

तो आला, गाडीभोवती फिरला आणि ओरडला, "गंज झाकायचा नसतो ताई, कापायचा असतो! चांगला पत्रा लागेस्तोवर कापत जायचं, मग तिथून जोडायचं."

"किती कापावं लागेल?"

"अर्धी गाडी."

"कापा," मी म्हणाले. मी स्वतः हातोडी धरायला त्याच्याकडेच शिकले. पहिल्या वर्षी मी जेवढे पत्रे सरळ केले तेवढेच वाकडे केले, हे त्याने मला तोंडावर सांगितले आणि तरी हातोडी काढून घेतली नाही.

पुढची काच भंगारवाल्याकडे सापडली. त्याने ती टेबलावर अंथरली होती आणि खाली मुलांचे फोटो लावले होते. देणार नाही म्हणाला. मी माझे शिवण घेऊन त्याच्या दुकानात जाऊन बसले. चौथ्या दिवशी त्याने फोटो काढून घेतले.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी इंजिन पहिल्यांदा पेटले आणि अकरा सेकंद चालले. नवऱ्याने घड्याळ लावून मोजले होते. बाराव्या सेकंदाला टाकीतला गंज नळीत जाऊन अडकला. टाकी मी चारदा काढली, चारदा धुतली, पाचव्यांदा नवीन बसवली. या टाकीच्या भानगडीत चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत माझा नवराही गेला. त्याने गाडी अकरा सेकंद ऐकली, चालताना पाहिली नाही. मला याचे फार वाईट वाटते. हे मृत्युपत्र आहे, यात खोटे लिहून चालत नाही.

तो गेल्यावर मुलगा म्हणाला, "आता तरी पुरे कर, आई." मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाहन शिकवणाऱ्या वर्गात नाव घातले. परीक्षा घेणाऱ्याने माझे वय पाहून विचारले, "आजी, या वयात कुठे जायचंय?" मी म्हणाले, "तुमच्या खुर्चीपर्यंत. गाडी आणू का आत?" परवान्याची नक्कल सोबत जोडली आहे.

कलम ६. माझ्या सर्व हातोड्या, पत्रा सरळ करताना मागे धरायचे लोखंडी ठोकळे, कात्र्या, पाने व ते लोहचुंबक डेंटरला द्यावे. दाभणांचा डबा मात्र त्याला देऊ नये, तो भाचीचा आहे.

सीट मी स्वतः भरल्या. स्प्रिंगांवर काथ्या, काथ्यावर कापूस, वर रेक्झिन. कापूस नवीन आणला नाही. माळ्यावर ती गादी होती, दादाने पाठवलेली. वीस वर्षे मी तिच्याकडे पाहिले नव्हते, तिच्यावर कोणाला झोपूही दिले नव्हते. ती खाली उतरवली, उसवली, कापूस पिंजून घेतला आणि चारही सीटमध्ये भरला. अण्णांनी भरलेला कापूस होता, पिंजल्यावर नव्यासारखा फुलला.

कलम ७. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. वाचणाऱ्याने इथे घाई करू नये.

गेल्या मार्चमध्ये गाडी पूर्ण झाली. दादाचे-माझे बोलणे एव्हाना सुरू झाले होते, पण "बरी आहेस ना" आणि "बरा आहे" एवढ्यापुरते. भाची म्हणाली, "आत्या, बाबांना एक चक्कर मार ना. रोज विचारतात, गाडी झाली का म्हणून." मी दुकानासमोर गाडी उभी केली. दादा बाहेर आला, आता शहात्तर वर्षांचा, काठी घेऊन. त्याने बॉनेटवरून हात फिरवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. शाळेजवळच्या चढावर, माथा चार हातांवर असताना, इंजिन तापले आणि बंद पडले. थंड व्हायची वाट पाहत आम्ही काचा खाली करून बसलो. भरदुपार, शाळा सुटलेली, रस्त्यावर कोणी नाही.

दादाने सीट दाबून पाहिली. "ही कुणी भरली?"

"मी."

"कापूस जुना आहे."

"तूच पाठवलेला. हातगाडीवरून."

तो समोर रस्त्याकडे पाहत म्हणाला, "ते गाडी नव्हतं गं."

"माहितीये तुझं म्हणणं. गादी. म्हणून तर गादी पाठवलीस."

"तशी गादी नव्हे. झोपायची नव्हे." त्याने काठी गुडघ्यांमध्ये धरली. "बसायची. दुकानाची गादी. अण्णांनी दुकान तुला दिलं होतं."

मी उगाच हँडब्रेक ओढला, तो ओढलेलाच होता.

"तुला केव्हा कळलं?"

"वाचल्या वाचल्या. तूच तर दुकान चालवत होतीस. मला काय, शिंका यायच्या." मग तो जे म्हणाला ते मी जसेच्या तसे लिहिते. "तुला ती जुनी गादी पाठवली की तू चिडशील, हे मला माहीत होतं. चिडलीस की गाडी मागशील. गाडीवरून भांडत बसलीस की दुकान मागणार नाहीस."

वीस वर्षे मी साप समजून भुई धोपटत होते, आणि साप दुकानात बसून गाद्या विकत होता.

मी म्हणाले, "उतर."

"अगं, चढ आहे..."

"उतर आणि ढकल."

तो उतरला. शहात्तर वर्षांचा माणूस काठी मागच्या सीटवर टाकून गाडी ढकलायला लागला. मी आरशात पाहत होते. चढ संपून उतार लागला तेव्हा मी गिअर टाकला आणि गाडी सुरू झाली. मी चौकापर्यंत गेले आणि थांबले. दया म्हणून नव्हे, चौकात लाल दिवा होता. तो धापा टाकत येऊन बसला आणि आम्ही परत आलो.

घरी येऊन मी अण्णांची चिठ्ठी काढली आणि भिंग लावून वाचली. एकतीस वर्षांत मी ती शेकडो वेळा वाचली असेन, पण नेहमी मधलीच ओळ. तिसरी ओळ आम्ही दोघांनीही कधी धड वाचली नाही. "दोघांनी भांडू नये." यात "दोघांनी"चा द आहे आणि "भांडू"चा ड आहे, त्याच हाताने, त्याच पेनाने, एकाच ओळीत लिहिलेले. मधल्या ओळीतले अक्षर कोणते ते तिथे ठेवून पाहिले असते तर पाच वर्षांच्या पोरालाही कळले असते. ते द आहे. शिवाय घराचा उल्लेख होता, दुकानाचा कुठेच नव्हता, हेही मला कधी खटकले नाही. वर घर, खाली दुकान, घराबरोबर दुकान मुलाचेच, असे मीही धरून चालले. दादाने मला फसवले हे खरे. पण मला दुकान मिळू शकते हे माझ्या डोक्यातच आले नाही, हे काही दादाने केलेले नाही.

आता मुद्दा. दादाच्या दुकानात गेली चौदा वर्षे माझी भाची बसते. कापूस तीच निवडते, टाके तीच घालते, रुसलेल्या गिऱ्हाइकाला तीच समजावते. दादाचा मुलगा, माझा भाचा, दूर नोकरी करतो. गाद्या आता कोण घेतो, असे म्हणून तो दुकान बंद करून जागा काचसामानाच्या दुकानाला द्यायची म्हणतो. आणि दादा पुढच्या महिन्यात दुकान भाच्याच्या नावावर करणार आहे. मी विचारले तर म्हणाला, "मुलगा आहे तो. रीतच आहे." मी म्हणाले, "आणि मुलगी काय हातगाडीवरून गादी घेऊन जाईल?" त्याने फोन ठेवला.

सबब, अण्णांच्या चिठ्ठीनुसार दुकानाच्या गादीवर माझा जो काही हक्क आहे, होता किंवा असायला हवा होता, तो सर्व मी माझ्या भाचीला देत आहे. इथे गादी हा शब्द द चा आहे, दप्तरातल्या द चा. वाचणाऱ्याला शंका असल्यास त्याने मोठ्याने वाचावा.

वकीलबाईंनी मला स्पष्ट सांगितले आहे की एकतीस वर्षांपूर्वीची ही वहीच्या पानावरची चिठ्ठी कोर्टात टिकणार नाही. "तुमच्या भावाने स्वतः कबूल केलं तरच," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "कबूल केलंय की. शाळेजवळच्या चढावर." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कागदावर, ताई." म्हणून हा कागद. या मृत्युपत्राच्या दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी दादासाठी मोकळी ठेवली आहे आणि कच्च्या मसुद्याची प्रत त्याला आधीच पाठवली आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त माझी सही पाहायची असते, असे वकीलबाई म्हणतात. दादाने मजकूर वाचायचा आहे.

त्याने सही केली नाही, तर हे कलम रद्द होणार नाही. ते असेच राहील. भाचीला निदान हे कळेल की तिच्या आजोबांनी ही गादी एकदा मुलीला दिली होती, आणि मागायला लाजायचे कारण नाही. मी लाजले नव्हते, मी चुकीची वस्तू मागितली होती. तिने बरोबर वस्तू मागावी, आणि बाप जिवंत असताना मागावी.

कलम ८. गाडी भाचीला मिळावी. अण्णांनी ती मला दिलेली नव्हती, हे आता सिद्ध झाले आहे. पण त्यामुळे मी तिची कमी मालकीण होत नाही, उलट जास्त होते. दिलेली वस्तू कोणीही घेतो. मी ती गंजातून एकेक इंच कापून बाहेर काढली आहे.

तिच्या टपावर कॅरिअर पुन्हा बसवले आहे. भाचीने गाद्या त्यावर बांधून पोचवाव्यात. गाडी झाकून ठेवू नये, प्रदर्शनात नेऊ नये, लग्नात भाड्याने देऊ नये. माझ्या मुलाने जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ आणला होता. तो टिचक्या मारत म्हणाला, "बाई, वापरू नका, किंमत कमी होईल." मी त्याला विचारले, "तुम्ही बायकोलाही असंच कपाटात ठेवता का?" त्याला किंवा त्याच्यासारख्या कोणालाही ही गाडी विकू नये. ओरखडे पडले तर पडू द्यावेत. गंज आला तर डेंटरला बोलवावे, आणि लांबी भरू म्हणणाऱ्याला फाटकाबाहेर काढावे.

दादाला गाडी नाही. दादाला पुढची डाव्या बाजूची सीट, तो हयात असेपर्यंत. भाची गाद्या पोचवायला जाईल तेव्हा त्याला बसायचे असेल तर तिने नाही म्हणू नये. शिंका आल्या तर काच खाली करावी. गाडी बंद पडली तर कोणी ढकलायचे, हे ठरलेले आहे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्या मागे रडायचे असेल त्याने रडावे, पण "शेवटी काय मिळालं त्या गाडीतून" असे म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून हा कागद दाखवावा. मला त्या गाडीतून नवरा मिळाला, म्हणजे तो टॉर्च धरून सहा वर्षे माझ्याजवळ बसला, जो त्याआधी संध्याकाळी चौकात जाऊन बसायचा. डेंटरच्या रूपाने एक अर्धबहिरा भाऊ मिळाला. एकसष्ट ते बहात्तर ही वर्षे मिळाली, जी माझ्या वयाच्या बायका सांधे मोजण्यात घालवतात. सांधे मीही मोजते. पण माझे काही सांधे पत्र्याचे आहेत आणि ते पक्के बसले आहेत.

वरील सर्व मजकूर माझा आहे. खाडाखोड तीन ठिकाणी आहे. तिथे मी जास्त कडक शब्द लिहिले होते, ते वकीलबाईंच्या सांगण्यावरून खोडले आहेत, पण उजेडात धरले तर अजून दिसतात.

स्थळ: घरामागची शेड
दिनांक: १९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी साडेअकरा

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. हात थरथरला नाही. सही: डेंटर, गॅरेजवाला

साक्षीदार दुसरा: बहिणीने माझ्यासमोर सही केली. मजकूर मी तीन वेळा वाचला. कलम सात खरे आहे. मुलाला काल फोनवर सांगितले, तो रागावला आहे. मुलीला अजून सांगितलेले नाही, इथून सरळ दुकानात जाऊन सांगतो. दुकान तिच्या नावावर करायला सोमवारी तिला वकीलबाईंकडे नेतो. सही: थोरला भाऊ